तानुअक्काची सकाळ

१

सकाळशी माझा उभा दावा होता. हसू नका. ज्यांना साडेदहाला डुलत डुलत ऑफिसात जायचं असतं, त्यांना सकाळ गोड लागते. मला धुळ्याहून साक्रीच्या पुढे अपडाऊन करायचं होतं.

एकोणनव्वद साल. माझी शाळा डोंगराच्या अंगाला, भरायची साडेदहाला. पण साक्रीहून त्या गावाला जाणारी सकाळची एसटी एकच, साडेआठची. ती गाठायची तर धुळ्याच्या स्टँडवरून सहाची धरायलाच हवी. ती चुकली की मग थेट दुपारची. हेडमास्तर हजेरीपट मांडीवर घेऊन दारातच बसलेले. "या बाई, या. पोरं म्हणत होती, आज बाई वरात घेऊन येणार आहेत."

घरात मी, नवरा आणि पाच वर्षांची लिलू. नवऱ्याचं नाव अभिमन, कोर्टात कारकून. लोकांसमोर मी त्याला 'हे' म्हणते आणि मनात 'साहेब'. साडेचारला गजर व्हायचा आणि तिथून रणकंदन. स्टोव्हमध्ये रॉकेल नाही, पिन सापडत नाही, पीठ चाळायचं राहिलंय, लिलूची एक रिबन हातात आणि दुसरी गायब. साहेब अंथरुणातून विचारणार, "माझा शर्ट कुठंय?" "माझ्या डोक्यावर आहे, घ्या!" असं म्हणून मी धावत सुटायची. स्टँडवर पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला असायचा.

आणि हे सगळं चालू असताना भिंतीपलीकडे तानुअक्काच्या घरात चिमणीच्या पावलाएवढासुद्धा आवाज नसायचा.

२

धुळ्याच्या देवपुरात आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचो त्या घराची मालकीण म्हणजे तानुअक्का. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागच्या दोन आमच्या, अंगण एक. नवरा शालिग्राम नाना, तेलाच्या गिरणीत फिटर. मुलगा नथ्थू सुरतेला. मी शाळेत गेले की लिलू बालवाडीतून सुटून अक्काकडेच असायची. अक्कानं तिला लहानाची मोठी केली असं म्हटलं तरी चालेल.

नाना सातला गिरणीत पोचायचे. त्याआधी त्यांची अंघोळ, चहा, भाकरी, डबा, सगळं झालेलं असायचं, आणि अक्का ओट्यावर बसून शांतपणे तांदूळ निवडत असायची. मला आधी वाटलं, बाई रात्रभर झोपत नसेल. एकदा न राहवून विचारलंच.

"सकाय नावनी बाई आयशी शे व," अक्का म्हणाली. "तिन्हं बठ्ठं काम सांजलेच करी ठेवो." म्हणजे सकाळ नावाची बाई आळशी, तिचं सगळं काम आदल्या सांजेलाच करून ठेवायचं.

मग त्या दिवशी दिवेलागणीनंतर मी तिच्या दारात बसून तिची सांज बघितली. काय सांगू! असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. स्टोव्ह भरून, पिन मारून, काड्यापेटी त्याच्या डाव्या अंगाला. बंबात पाणी, खाली पऱ्हाटीच्या काड्या रचलेल्या, नुसती काडी लावायची बाकी. डब्याचं झाकण उघडं करून शेजारी. दोन पेले सुलटे. खुंटीवर कपडे, पण कसे? जो आधी घालायचा तो वर. नानांची टोपी त्यावर. दातवण ओट्याच्या कडेला. चपला दाराकडे तोंड करून, पाय घातला की माणूस चालायलाच लागावा अशा. शेवटी सगळ्यावर एक पांढरं धुवट फडकं.

हे करताना ती माझ्याशी बोलत होती. हातांकडे तिचं लक्षही नव्हतं.

"काय काय ठेवायचं हे लक्षात कसं राहतं?" मी विचारलं.

"ध्यानमा कसाले ठेवानं? जे लागी ते ठेवानं. जे नही लागी ते नही ठेवानं. हातले समजस."

मी वहीत यादी करून आणली होती. ती बघून अक्का इतकी हसली की तिच्या डोळ्यात पाणी आलं.

३

पंधरा दिवसांत माझं घर बदललं. खरंच सांगते, त्या बाईचे उपकार आहेत माझ्यावर. गजर साडेचारवरून पाचवर गेला. लिलूच्या दोन्ही रिबनी एका जागी राहायला लागल्या. साहेबांचा शर्ट खुंटीवर बघून साहेबच घाबरले. "कुणी पाहुणे येणार आहेत का?" म्हणाले. मी सहाच्या गाडीत खिडकीची जागा धरून बसू लागले. हेडमास्तरांना बोलायला विषय उरला नाही, बिचारे आजारी पडल्यासारखे दिसायला लागले.

जानेवारीत एका संध्याकाळी मी अक्काकडे लिलूला घ्यायला गेले तर नानांच्या चपलांशेजारी छत्री.

"अक्का, थंडीत छत्री?"

अक्कानं छत्रीकडे असं पाहिलं, जसं ती कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवलीय. "हातमा उनी, ठेवी दिधी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गारा पडल्या. बोराएवढ्या. साक्री रस्त्याचा गहू झोपला. मी शाळेत विज्ञान शिकवते, पाचवीच्या पोरांना बाष्पीभवन समजावून सांगते. खानदेशात जानेवारीत गारा पडतात, दोन-चार वर्षांतून पडतातच. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना आदल्या दिवशी कळतं. एवढंच.

मग फेब्रुवारीत अक्कानं दोनाऐवजी तीन पेले ठेवले आणि पहाटेच्या गाडीनं नथ्थू सुरतेहून उतरला, न कळवता. आईला कळतं, मी म्हटलं. एकदा तिनं आमच्या घरात डोकावून माझा उघडा डबा मिटवून ठेवला. "उद्या नको," म्हणाली. मला राग आला. सकाळी कळलं, जिल्हा परिषदेचे कुणी थोर सदस्य वारले, शाळांना सुट्टी. इथं गुडघ्यांचं कारण चालेना, आईचंही चालेना. पण सुट्टी गोड लागली, हेही खोटं कशाला बोलू?

४

मार्चमधली गोष्ट. मी सात वाजता घरी आले. नाना अंगणात खाटेवर बसून रेडिओवर बातम्या ऐकत होते. लिलू त्यांच्या मांडीवर. त्यांनी मला हाक मारली, "काय मास्तरीणबाई, भेटनी का जागा गाडीत?" रोजच्यासारखेच होते.

आत अक्काची सांज आटोपली होती. मी सहज फडक्याकडे पाहिलं आणि थबकले. फडकं फुगलेलं होतं. खाली पेलेच पेले, दहा-बारा तरी, धुऊन पालथे घातलेले. दाराशी सतरंजी गुंडाळून उभी. चुलीवर लग्नाकार्यातलं मोठं पातेलं पाण्यानं भरलेलं. कोपऱ्यात एक कोरं मडकं.

"पाहुणे येताहेत वाटतं?" मी म्हटलं.

अक्कानं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग माझी नजर खुंटीवर गेली. तिथं नानांचे कपडे नव्हते. दातवण नव्हतं. चपला भिंतीशी, तोंड आत करून. डबा फळीवर, झाकण लावलेला.

अक्का विसरली असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी आपली भाबडेपणानं चपला उचलून दाराकडे वळवून ठेवल्या. अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. माझी कीव केल्यासारखी ती बघत होती.

पहाटे नाना उठले नाहीत. झोपेतच गेले.

मी धावत गेले तेव्हा सतरंजी अंथरलेली होती. पाणी तापलेलं होतं. माणसं जमली, बसली, त्यांना पाणी मिळालं. आमच्याकडे असं काही झालं की किती धावाधाव होते, कुणी मडक्याला पळतंय, कुणी पेले मागतंय. तिथं काही मागावं लागलं नाही. इतकी नीट सकाळ मी कधी पाहिली नव्हती. आणि माझ्या चपला, म्हणजे मी वळवलेल्या नानांच्या चपला, पुन्हा भिंतीकडे तोंड करून होत्या.

५

दहावं-तेरावं होऊ दिलं. मग विचारलं.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"डोकाले नही. हातले व्हतं."

"मग डॉक्टरकडे न्यायचं ना!"

"लई गयथी ना मी त्यासले, त्याच दिन, तू येवाना पहिले. डाक्टर हासना. बोलना, बठ्ठं नीट शे."

"मग डबा तरी ठेवायचा होता," मला रडू यायला लागलं. "मुद्दाम ठेवायचा."

"ठेवा व. तीनदाव ठेवा. तीन्हीदाव मन्हाच हातनी उचली लिधा." तिनं हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. एखाद्या जुन्या, कामसू पण मनातलं न सांगणाऱ्या गड्याकडे बघावं तसं.

त्या दिवसापासून मी सांजेचं काम बंद केलं. पुन्हा साडेचारचा गजर, पुन्हा रॉकेलची बोंब. साहेब म्हणाले, "चांगलं चाललं होतं की, मधेच काय शिरलं डोक्यात?" मी सांगितलं नाही. काय सांगणार? दोन आठवड्यांत तीनदा गाडी चुकली. हेडमास्तर पुन्हा टवटवीत झाले.

पण हाताला लागलेलं वळण सुटत नाही. एका संध्याकाळी मी अंगणातून कपडे आणले, साहेबांशी रेशनवरून भांडत होते, चांगलं अर्धा तास भांडले, आणि भांडण संपलं तेव्हा पाहिलं तर स्टोव्ह भरलेला, डबे उघडे, पेले सुलटे, चपला दाराकडे. फडकंसुद्धा घातलेलं. मी केव्हा केलं, मला आठवेना. सगळं तिघांचं होतं, नीट मोजून पाहिलं. मग म्हटलं, जाऊ दे. तिघांचं आहे ना? मग झालं तर.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी फडकं उचलून मोजायची. तीन. तीन. तीन. आणि मग सुखानं झोपायची. सकाळ कशी लोण्यासारखी जायची.

६

एप्रिलातला रविवार होता. ऊन उतरलं तसं मी पापड आत घेतले, पाणी भरलं, फडकं घातलं. आणि सवयीनं पुन्हा उचललं.

पेले दोन.

लिलूचा छोटा पेला फळीवर पालथा होता. डबे दोन. खुंटीवर माझी साडी, साहेबांचा शर्ट. तिसरी खुंटी रिकामी. तिच्या चपला भिंतीशी, तोंड आत.

पण मी शास्त्राची बाई. म्हटलं, थांब, घाबरू नको, उद्या बालवाडीला सुट्टी असेल. लिलूच्या वर्गातली पोर समोरच राहायची, तिच्या आईला हाक मारून विचारलं. "नाही हो, आहे ना बालवाडी," ती म्हणाली. बरं, मग लिलू सकाळी उशिरा उठणार असेल. पण उशिरा उठणारं पोर दूध पीत नाही का? फ्रॉक घालत नाही? तिच्या कपाळाला हात लावला. गार. जीभ पाहिली. ती जीभ काढून दाखवत खिदळायला लागली, तिला खेळ वाटला.

मी छोटा पेला काढला आणि सुलटा ठेवला. फ्रॉक खुंटीवर अडकवला. मग स्टोव्हची काच, म्हणजे कंदिलाची काच पुसायला वळले, बघा, आत्ताही सांगताना माझं असं होतं. वळले आणि परत पाहिलं. पेला पालथा. फ्रॉक ट्रंकेत, घडी घातलेला, आणि ट्रंकेची कडी माझ्याच हातात.

तीनदा केलं मी. तिन्हीदा तसंच.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तुला रजेची गरज आहे." त्यांचा दोष नाही, मीही हेच म्हटलं असतं.

मी लिलूला काखोटीला मारलं, पाच वर्षांची घोडी, आणि अक्काकडे गेले.

७

अक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'होईल नीट' म्हणाली नाही. लिलूला जवळ घेऊन तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग मला म्हणाली, "पोरना कपडा आन. पेला आन, डबा आन, चपला आन. आज ती मन्हाकडे झोपी."

मी आणलं. अक्काची सांज व्हायची होती. तिनं स्टोव्ह भरला, बंबाला काड्या रचल्या. मग लिलूचा पेला हातात घेतला आणि ठेवला. तो ठेवताना तिच्या मनगटाच्या शिरा टरारून उठल्या. पेला ठेवायला एवढी ताकद कशाला लागते?

मग फ्रॉक. खुंटीशी उभी राहून ती फ्रॉक अडकवत होती, आणि फ्रॉक जात नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं. एक बाही तिच्या मुठीत, दुसरी बाही समोर हवेत, सरळ, ताणलेली. खुंटी वीतभर लांब होती. बाहीला कशाचाच आधार नव्हता. शिवणीतून टचकन् आवाज आला. अक्का पुटपुटली, "सोड. सोड सांगस ना." एवढ्या ठामपणे मी वर्गातल्या पोरांनाही कधी सांगितलं नाही. मग कापड एकदम सैल पडलं, आणि फ्रॉक खुंटीवर होता.

तिनं चपला दाराकडे वळवल्या. डबा उघडला. फडकं घातलं. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं.

मी बघत होते, पुन्हा काही उचललं जातंय का. नाही. सगळं जिथल्या तिथं राहिलं. मी अक्काच्या पाया पडले.

आणि आता जे सांगते ते मी साहेबांनाही सांगितलेलं नाही. पाया पडून उठताना मला दिसलं. अक्काचं लुगडं खुंटीवर नव्हतं. तिचा पेला फळीवर पालथा होता. महिना-दीड महिना ती एकटीचा पेला ठेवत होती, आज फडक्याखाली एकच पेला होता, आणि तो छोटा होता.

मला दिसलं. मी विचारलं नाही. 'म्हातारी दमली, विसरली असेल,' असं मी मनाशी म्हटलं. नानांच्या वेळी मी हे खरंच मानलं होतं. या वेळी मला ते मानायचं होतं. मी लिलूचा पापा घेतला आणि घरी आले. किती हलकं वाटत होतं, देवा, किती हलकं वाटत होतं.

८

ठरवलं होतं की भिंतीला कान लावून जागायचं. खाट भिंतीशी ओढली. पलीकडे लिलूची बडबड, अक्काचा हुंकार. जेवणं उरकून आडवी झाले ती तिथंच, नऊच्या आत डोळा लागला.

जाग आली ती उन्हानं. साडेसात. गजर झालाच नव्हता की मी ऐकला नव्हता, कोण जाणे. कित्येक वर्षांत मी इतकी झोपले नव्हते.

धावत अंगणात आले. लिलू अक्काच्या ओट्यावर बसली होती. अंघोळ केलेली, फ्रॉक घातलेला, एका बाहीची शिवण उसवलेली. दोन घट्ट वेण्या, दोन लाल रिबनी, भांग असा सरळ की दोरी धरून पाडावा. वेण्या अजून ओल्या होत्या. मी तिला उचलून पोटाशी धरलं, तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता, आणि मी मोठ्यानं रडले. मला वाटलं, सगळं ठीक आहे. क्षणभर अगदी तसंच वाटलं.

अक्का आत अंथरुणावर होती. गळ्यापर्यंत पांघरूण, हात बाहेर, काम आटोपल्यासारखे शांत. मी हात धरला आणि सोडला.

साहेबांनी डॉक्टर आणले. त्यांनी पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, "रात्री दहाच्या आतच गेल्यात. अंग केव्हाच ताठरलंय."

बंब गरम होता. मी हात लावून पाहिला.

गल्लीतल्या बायका आल्या, पदर खोचून. पण कुणाला काही करावं लागलं नाही. मोठं पातेलं भरून तापलेलं, सतरंजी अंथरलेली, पेले धुतलेले, मडकं कोपऱ्यात. नथ्थूच्या सुरतेच्या पत्त्याचं कार्डसुद्धा देवापाशी काढून ठेवलेलं. समोरची म्हणाली, "धन्य बाई हो, स्वतःचंसुद्धा कुणावर ठेवलं नाही." मी मान हलवली.

बायका आत गेल्यावर मी लिलूला अंगणात घेतलं. तिच्यासमोर उकिडवी बसले.

"लिलू, तुला कुणी उठवलं गं?"

"अक्कानी."

"अंघोळ? वेण्या?"

"अक्कानीच." ती माझ्याकडे नवलानं बघत होती. अक्काकडे झोपलं तर वेण्याही अक्काच घालणार ना.

"तेव्हा काही म्हणाली ती?"

लिलूनं मान डोलावली, आणि अक्काच्या आवाजात, अगदी तिच्या ठेक्यात, सांगितलं,

"तुन्ही मायले उठाडू नको. झोपू दे तिले. तिले ठावं शे बठ्ठं."